गुऱ्हाळ हीच प्रयोगशाळा

स्थानिक उद्योगांवर प्रकल्प देऊन रसायनशास्त्र शिकवावं, हे लेखातलं म्हणणं पटलं. आमच्या कोल्हापूरकडं त्यासाठी एक गुऱ्हाळ पुरे. उसाचा रस मुळात थोडा आम्लधर्मी. चुन्याची निवळी घातली की आम्लता उतरते आणि साखरेचं विघटन कमी होतं. भेंडीच्या झाडाचा चिकट रस मळी वर आणतो. गूळ करणारा कारागीर, म्हणजे गुळव्या, पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी होते का बघतो, तेव्हा काहिलीत (रस उकळायच्या मोठ्या कढईत) साधारण ११८ अंश सेल्सिअस असतं. पोरांनी थर्मामीटर घेऊन ताडून बघावं की! गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही जण हायड्रॉस (रंग उजळवणारं रसायन) टाकतात, तेही शिकवा (मालक दाखवेल का, ते वेगळं). फक्त पालकांनी थर्माकोलचं गुऱ्हाळ करून देऊ नये.