पारा ४६ वर गेला हे कळलं, पण पीक तेव्हा कुठल्या अवस्थेत होतं?

मे महिना लागला की भुसावळ-जळगावचं नाव टीव्हीवर झळकतं. पारा ४५, पारा ४६. खान्देशातल्या शेतकऱ्याला या आकड्याचं अप्रूप नाही. रावेर-यावलची केळी याच उन्हात वाढली. माझं म्हणणं एवढंच आहे की नुकसान नुसत्या आकड्यावर ठरत नाही. ते ऊन पिकाच्या नेमक्या कोणत्या आठवड्यात आलं आणि त्या आठवड्यात पाणी देता आलं का, यावर ठरतं. वीज, विमा आणि खरेदी यांचं वेळापत्रक मात्र पिकाकडे बघून ठरतच नाही.

गव्हाचंच बघा. गव्हाला मेचं ऊन लागायची गरजच नाही. २०२२ चा मार्च कमाल तापमानाच्या हिशेबात देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च होता. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीने तसाच विक्रम केला. दाणा चिकात असताना पारा ३२-३४ च्या वर राहिला की दाणा भरण्याचे दिवस कमी होतात, पीक घाईने पिकतं आणि दाणा चिमतो. ओंबी भरलेली दिसते, पोत्यात वजन भरत नाही. आणि २०२२ मध्ये उत्पादन घटल्यावर १३ मे रोजी निर्यातबंदी आली. म्हणजे उन्हाने वजन नेलं आणि बंदीने भाव. अन्नसुरक्षेचा सगळा भार पेरणाऱ्यानेच उचलायचा, हे मला मान्य नाही.

पण आपल्याकडूनही एक चूक होते, ती सांगितलीच पाहिजे. गहू उशिरा का पेरला जातो? कापसाची फरदड ठेवतो म्हणून. अजून एक वेचणी निघेल या आशेने पऱ्हाट्या डिसेंबरपर्यंत उभ्या राहतात. बागायती गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात व्हायला हवी, त्यानंतर प्रत्येक पंधरवड्याला हेक्टरी साधारण अडीच क्विंटल घट धरतात. उशीर झालाच तर फुले समाधान किंवा एनआयएडब्ल्यू ३४ सारखा उशिरा पेरणीला चालणारा वाण घ्या. पाण्याच्या पाळ्या २१, ४२, ६५ आणि ८५ दिवसांच्या आसपास. शेवटची पाळी चुकवू नका, पण ती वारा पडल्यावर, रात्री आणि हलकी द्या. वाऱ्यात भरपूर पाणी दिलं की गहू लोळतो आणि लोळलेला गहू पुन्हा उभा राहत नाही.

केळीचं दुखणं जास्त गुंतागुंतीचं आहे. मृगबाग, म्हणजे जून-जुलैत लावलेली बाग, एप्रिल-मेमध्ये घडावर असते; कांदेबाग, म्हणजे ऑक्टोबरच्या आसपास लावलेली, जोमदार वाढीत किंवा निसवणीच्या (घड बाहेर पडण्याच्या) तोंडावर. ३८ अंशांच्या वर केळीची वाढ जवळजवळ थांबते. ४४-४५ ला पश्चिमेचा गरम वारा सुटला की पानं फाटतात, कडा करपतात, घडाच्या दांड्यावर ऊन बसून तो काळा पडतो आणि ऐन वजनाच्या वेळी घड सटकतो. निसवताना झळ बसली तर घड पोग्यातच (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानातच) अडकतो, बाहेर आला तरी फण्या वेड्यावाकड्या असतात.

याचं काम मेमध्ये सुरू करून भागत नाही. शेवरी किंवा गजराज गवत लागवडीच्या वेळीच पश्चिम आणि दक्षिण बांधाला दोन ओळींत लावायला हवं. ते राहिलं असेल तर आता ग्रीन नेट किंवा जुन्या साड्या बांधा, पण निदान घडाच्या उंचीपर्यंत. दांडा वाळलेल्या पानांनी झाका. खालची वाळकी पानं मेमध्ये कापू नका, ती खोडाला सावली देतात. जमिनीवर उसाचं पाचट किंवा सोयाबीनचा भुसा पाच-सहा इंच पसरा. केओलीन (पानांवर ऊन परतवणारी पांढरी माती) फवारायचं तर १० लिटर पाण्यात ८०० ग्रॅम, आणि गाळून घ्या, नाहीतर नोझल चोंदतं. या दिवसांत बागेत आंतरमशागत नको, कारण केळीची बहुतेक मुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात. म्हणूनच पाण्याचा एक दिवस चुकला की तिसऱ्या दिवशी बाग बोलायला लागते.

आता पाण्याचा हिशेब. ५ बाय ५ फुटांवर एकरी १,७४२ झाडं. मेमध्ये झाडाला रोज २२ लिटर धरलं तरी एकरी ३८ हजार लिटर होतं. झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रीपर असतील तर २२ लिटरला पावणेतीन तास लागतात. पंप एका वेळी एक एकर चालवत असेल, तर तीन एकरांना सव्वाआठ तास. पंपाची थ्री फेज वीज मिळते आठ तास, तीही पूर्ण मिळाली तर. व्होल्टेज पडलं की ड्रीपरचं पाणी कमी होतं आणि ते डोळ्याला कळतही नाही. बाटली धरून बघा: ४ लिटरच्या ड्रीपरने १५ मिनिटांत एक लिटर दिलं पाहिजे. शेवटच्या झाडाशी मोजा, व्हॉल्व्हपाशी नको. आणि डीपी (शेताचा ट्रान्सफॉर्मर) जळाली तर ती बदलून येईपर्यंत बाग गेलेली असते.

म्हणून १ एप्रिल ते १० जून केळीपट्ट्याला पहाटे ४ ते दुपारी १२ वीज द्या, ही मागणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. भर दुपारी उघड्या नळ्यांत साचलेलं पाणी इतकं तापतं की पहिली दहा मिनिटं मुळांना चटकाच बसतो. रात्री बारा वाजता बिबट्याच्या भीतीत माणसाला शेतात पाठवणंही बरोबर नाही. सोलर पंपाचा जोर नेमका दुपारी असतो, तेव्हा ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी नळ्या पाचटाखाली घ्याव्यात.

हवामान आधारित फळपीक विम्याची अडचण 'सलग' या शब्दात आहे. तापमान ठरलेल्या मर्यादेवर सलग ठरावीक दिवस राहिलं तर भरपाई. चार दिवस पारा वर राहिला आणि पाचव्या दिवशी अर्धा अंश उतरला, की मोजणी पुन्हा एकपासून. झाड मात्र एकपासून सुरू होत नाही, करपलेलं पान परत हिरवं होत नाही. मोजणीही महसूल मंडळातल्या एका केंद्रावर, सावलीतल्या हवेची. सलग दिवसांऐवजी महिन्यातले एकूण दिवस धरा, आणि रात्रीचं तापमानही जोडा. रात्र थंडावली नाही तर झाड दिवसभराची कमाई रात्रीच खर्च करून टाकतं.

कापसाबद्दल थोडक्यात. मेमध्ये ठिबकवर लावलेल्या कापसाचं रोप तापलेल्या मातीशी गळ्यापाशी भाजतं, नांग्या (रोप मेलेल्या रिकाम्या जागा) भरता भरता बियाणं दुप्पट लागतं, आणि लवकर आलेल्या पात्यांवर (कळ्यांवर) गुलाबी बोंडअळीची सोय होते. जूनपर्यंत थांबा.

आणि अन्नसुरक्षा म्हणताना आपली दादर, म्हणजे खान्देशातली रब्बी ज्वारी, विसरू नका. तापीकाठच्या काळ्या जमिनीत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेली दादर मुरलेल्या ओलीवर येते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, खरं ऊन लागायच्या आत निघते. पंप नको, डीपी नको. वर कडबा मिळतो, जो मे महिन्यात म्हशी जगवतो. कळण्याची भाकरी आजही घरोघरी होते, पण दादरचं रान कमी होत चाललंय, कारण काढणीच्या वेळी घ्यायला फक्त व्यापारी असतो. हमीभावाची नोंदणी फेब्रुवारीत आणि काटा, म्हणजे प्रत्यक्ष खरेदी, मार्चमध्ये सुरू व्हायला हवा. मे-जूनमध्ये काटा लावला तर तोवर लहान शेतकऱ्याची दादर खताच्या आणि बियाण्याच्या पैशासाठी विकली गेलेली असते.