जुलैतली सुरमई

रविवारी रात्री निल्या कोथरूडच्या कट्ट्यावर आला तो फोन नाचवतच. मालवणहून कुरिअरनं आलेलं जेवण: सुरमईचे चार तळलेले काप, बांगड्याचं तिखलं म्हणजे तिरफळं घातलेलं तिखट कालवण, सोलकढी. दोघांचं, पाठवणावळ धरून चौदाशे रुपये.

"अरे, बर्फसुद्धा वितळला नव्हता!"

"मग बर्फच खाल्लास काय?" बाब्यानं विचारलं. बाब्या देवगडचा. "आज तारीख काय?"

"२६ जुलै."

"१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी. बोटी ताडपत्रीखाली. मग तुझी सुरमई काय एसटीनं आली?"

"डब्यावर 'ताजी' लिहिलंय."

"एकतर ती मे महिन्यात गोठवलेली, नाहीतर पूर्व किनाऱ्याची. तिकडची बंदी १४ जूनला उठते. मालवणचा असलाच तर मसाला. बांगडो काय, सुरमय काय, डोळ्यांत बघून घेवची आसता, मोबायलात नाय."

"पण माझा वेळ वाचतो! माझ्या एका तासाचा भाव..."

तासाचा भाव निल्या रोज काढतो. २०१९ च्या तारकर्ली ट्रिपचं डिझेल मात्र अजून माझ्याच अंगावर आहे.

माझं मत बाब्यासारखंच. तळलेल्या कापावर झाकण पडलं की वाफ धरते, रवा ओला होतो. पुन्हा तव्यावर टाकला तर मासा चिवट. सोलकढीतला नारळाचा रस फुटतो. तिखलं मात्र टिकतं, तिरफळं मुरून दुसऱ्या दिवशी जास्तच लागतं. सुका जवळा, बोंबील, कोलंबीचं लोणचं यांना लांबून मागवण्याचे पैसे खुशाल द्यावेत. ताज्या माशाला गणेश पेठेतल्या मासळी बाजारात जावं. कल्ला उचलून लाल आहे का बघावं, बोटानं दाबून खळगा राहतो का बघावं. घासाघीस झाली की मावशी कापून देते, वर मूठभर मांदेली टाकते. आणि डोकं! माशाच्या कढीला डोकं हवं. ते कुठल्याच डब्यात येत नाही.

इतका वेळ गप्प बसलेले मास्तर म्हणाले, "आमच्या आईला जिना उतरवत नाही. रत्नागिरीची ती. गेल्या महिन्यात डबा उघडला, तर आधी नुसता वासच घेत बसली. मला नाही महाग वाटला."

बाब्याचा आवाज खाली आला. "काकींसाठी जरूर मागवा, मास्तर. पण तिखलं मागवा, तळलेलं नको."

निल्याला चेव आला. "बघ! आमच्या बोक्यानं तर तीन काप फस्त केले!"

"तीन? आणि तू?"

"...एक."

"म्हणजे चौदाशेचं जेवण बोक्यानं जेवलं," बाब्या म्हणाला. "त्याच्या तासाचा भाव काय रे?"

चहावाल्याच्या हातातली किटली हिंदकळली. मास्तरांना ठसका लागला, आणि त्या हसण्यात मी डिझेलचे पैसे मागितले ते कुणाला ऐकूच गेले नाहीत.