‘सुया टोचून दुखणी जात असती तर…’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. माझ्या ॲक्युपंक्चरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘ताई, सुया टोचून दुखणी जात असती तर सीपीआरला कधीच कुलूप लागलं असतं. सगळा मनाचा खेळ. आमच्या आईच्या गुडघ्याला दहा बैठका झाल्या, फरक शून्य. आणि तुम्ही जाहिरात करताय.’ (सीपीआर म्हणजे आपलं कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय.)

जाहिरातीचं आधी उरकते. राजारामपुरीतल्या ज्या बाईंकडे मी जाते त्यांचं नाव लेखात नव्हतं, आताही सांगणार नाही. बैठकीचे ४०० रुपये स्वतः मोजलेत. पण ‘अर्धशिशी मुळापासून जाते’ असं मी लिहिलं होतं, ते चूकच. काल काढून टाकलं. अहो, माझीच कुठे गेलीय? आधी महिन्यातून सहा-सात वेळा डोकं धरायचं, आठ बैठकांनंतर तीन-चारवर आलंय. गोळी अजून पर्समध्ये असतेच. शिवाय अर्धशिशी आपली आपणही चढते-उतरते, आणि आपण उपचाराला पळतो ते ती चढलेली असताना. तेवढं श्रेय सुईच्या खात्यातून वजा करायला हवं.

आता मनाचा खेळ. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, २००७ साली छापून आला. एका गटाला चिनी पद्धतीप्रमाणे ठरलेल्या जागी सुया, दुसऱ्याला मुद्दाम भलत्याच जागी आणि वरवर, तिसऱ्याला नेहमीची औषधं-व्यायाम. सहा महिन्यांनी फरक पडलेले : ४७.६ टक्के, ४४.२ टक्के आणि २७.४ टक्के. पहिले दोन आकडे तुमच्या बाजूचे. ‘ची’ म्हणजे चिनी वैद्यकातली जीवनशक्ती; ती अंगात ज्या वाटांनी वाहते म्हणतात त्यांचा नकाशा कंबरेला तरी फारसा कामी आलेला दिसत नाही. पण तिसऱ्या आकड्याचं काय करायचं? भलत्या जागी टोचून घेतलेलेही तिसऱ्या गटाच्या बरेच पुढे होते. माझ्या बाई नाडी बघतात, जीभ बघतात, झोप-पोट-पाळी सगळं विचारतात, त्यात पाऊण तास जातो. एवढा वेळ मला कुठल्याच दवाखान्यात कुणी दिलेला नाही. यालाच मन म्हणत असाल तर मन म्हणा.

सुई म्हणजे इंजेक्शनची नव्हे. भरीव, पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची. प्लॅस्टिकच्या बारीक नळीतून टिचकी मारून आत जाते, टोचल्याचं धड कळतही नाही. कळतं ते नंतर. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातली सुई बाईंनी जरा फिरवली की मनगटापर्यंत जडपणा चढतो, ठणकतं, मुंग्या येतात. चिनी लोक त्याला ‘दे ची’ म्हणतात. (गरोदरपणात ही जागा टाळतात, म्हणून पहिल्याच दिवशी मला विचारलं. पन्नाशीत! हसूच आलं.)

एकदा मानेला मोक्सा दिला. वाळल्या पाल्याची कांडी पेटवून कातडीपासून दोन बोटं वर धरतात. ती वनस्पती आर्टेमिसिया, म्हणजे जोतिबाला वाहतो त्या दवण्याच्या भावकीतलीच. त्याच भावकीतल्या आणखी एका झाडातून तू यूयू या चिनी संशोधक बाईंनी मलेरियाचं औषध काढलं आणि २०१५ चं नोबेल मिळवलं. धागा जुन्या पोथीतला होता, पण रसायन वेगळं काढून, पारखून घेतल्यावरच ते औषध झालं. हा मुद्दाही तुमच्याच बाजूचा, घ्या. पाठीवर पेले चिकटवतात त्या कपिंगचं मात्र मला नवल नाही. आजीच्या पाठीवर तुंबडीचे तसलेच गोल वळ असायचे.

खरं तर तुम्ही रागवायला हवं होतं औषधाच्या पुडीवर. गेल्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी मला नाव-गाव नसलेल्या काळ्या गोळ्या दिल्या, वर ‘बीपीची गोळी बंद करा’ म्हणाले. मी उठून आले. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकात वजन उतरवायच्या चिनी औषधात एका वनस्पतीच्या जागी दुसरीच, ॲरिस्टोलोकिया, गेली आणि शंभरेक बायकांची मूत्रपिंडं खराब झाली. सुईनेही इजा होते. छातीवर खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडतं, क्वचित का होईना. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा २०१५ चा कायदा आहे, तेव्हा नोंदणी विचारायला लाजायचं नाही, आणि सुयांचं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावायचं.

आईंचं वाचून वाईट वाटलं. पाच-सहा बैठकांत काहीच हललं नाही तर थांबायचं, हे मी लेखातच लिहायला हवं होतं. दहांचे पैसे आधीच भरून घेतले होते का? तसं असेल तर पुढच्या वेळी पायरीच चढू नका. गुडघा हाडांच्या डॉक्टरांना दाखवला नसेल तर तो मात्र आधी दाखवा.

माझ्या डोकेदुखीच्या वहीच्या पानांचा फोटो लेखात टाकलाय. गोळी घेतलेल्या दिवसांवर लाल फुली आहे, तुम्हीच मोजा.