मात्रा थोडी, पण जाते कुठे?

'नॅनो जस्त आणि नॅनो तांबे एकरी इतके कमी लागते की मातीला धोका नाही', हे नॅनो खतांवरच्या, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या बाटलीबंद द्रव खतांवरच्या, लेखातलं वाक्य अर्धंच पटलं. मात्रेचं खरं आहे. द्राक्षपट्ट्यात मोरचूद-चुन्याच्या बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणाच्या फवारण्यांनी वर्षानुवर्षे मातीत गेलेल्या तांब्यापुढे ही बाटली किरकोळच. पण धातू कुजत नाही, साठत जातो, याबद्दल लेखात अवाक्षर नाही.

शिवाय 'कमी' म्हणजे किती? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये सांडपाण्याच्या गाळातून चांदीचे नॅनोकण मातीत घातले, किलोमागे जेमतेम ०.१४ मिलिग्रॅम. नुसता गाळ घातलेल्या मातीच्या तुलनेत सूक्ष्मजीवांचं वस्तुमान ३५ टक्के कमी भरलं आणि नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू एका टप्प्यावर साडेचार पट सुटला. चांदी जिवाणूंना जास्त जाचक, त्यामुळे हे आकडे जस्ताला जसेच्या तसे लावू नयेत, हेही खरं. त्यात आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत जस्त फारसं विरघळत नाही, आम्लधर्मी लाल मातीत जास्त विरघळतं. म्हणजे एकच शिफारस सगळीकडे कशी चालेल?

गंमत म्हणजे माती तपासून मिळणाऱ्या सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेत जस्त, तांबं, लोह, बोरॉन सगळं आहे. जिवाणूंचा रकानाच नाही! एकीकडे ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची आळवणी करायची आणि आठवड्यात त्याच सरीत बुरशी मारणारं तांबं ओतायचं, हे तर सर्रास चालतं. लेखकांनी पुढच्या भागात निदान या दोन्हींत अंतर किती ठेवावं, एवढं तरी लिहावं.