जंगल वाचवायचा कायदा रद्द झाला म्हणे? नाही बुवा

किनवट-माहूरकडच्या ग्रुपवर दोन दिवसांपासून एकच मेसेज फिरायलाय, की १९८० चा वन कायदा मोदी सरकारनं रद्द केला अन् आता खाणवाल्याला जंगल थेट कलेक्टरकडून भेटतं. चूक आहे हे. कायदा तोच आहे, २०२३ मधे त्याच्यात बदल झाला अन् नाव लांबलचक झालं, बस. खाणीला वनजमीन द्यायची तर आजबी केंद्राची मंजुरी लागतेच, कलेक्टरच्या एकट्या सहीनं काई होत नाई.

आता मेसेजवाला पूर्ण खोटा बी नाई. केंद्राच्या मंजुरीतून सूट वाढवली हे खरंय, पण ती मुख्यतः सीमेपासून १०० किलोमीटरच्या आतले संरक्षणाचे रस्ते वगैरे असल्या कामांसाठी, अन् आपल्या मराठवाड्याला कुठली आली आंतरराष्ट्रीय सीमा! खरी भीती होती ती कागदावर वन म्हणून नोंद नसलेलं जंगल कायद्याबाहेर जाईल याची, तेच्यावर सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२४ मधे अंतरिम आदेश दिला की सध्या १९९६ च्या निकालातली 'वन'ची व्यापक व्याख्याच धरायची, म्हंजे नोंद नसली तरी जंगल ते जंगलच.

अन् ते 'ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, वनजमीन नावावर करा' वालं बी सोडा. वनहक्क कायद्यात (जंगलात राहणाऱ्यांना जमिनीचा हक्क देणारा कायदा) १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा लागतो, अन् तो हक्क विकता येत नाई.