निवेदन मंत्रालयात द्याच, पण आधी आपल्या सभासदांना विचारा: छोट्यांचं पेमेंट कधी करता?

दरवर्षी अर्थसंकल्प जवळ आला की आमच्या भागातल्या उद्योजक संघटनेचं निवेदन तयार होतं. वीजदर, मालमत्ता कर, जीएसटीचा परतावा, गाळ्यांपर्यंत टेम्पो जाईल असा रस्ता. यातली एकही मागणी खोटी नाही आणि ती करायलाच हवी. पण मुंबईत साकीनाक्याच्या गाळ्यात इतकी वर्षं प्रेस पार्ट आणि टर्निंगचं जॉब वर्क, म्हणजे मोठ्या कंपन्यांचे सुटे भाग बनवून देण्याचं काम, करताना माझं एक मत पक्कं झालं आहे, आणि येत्या सर्वसाधारण सभेआधी ते इथे सविस्तर मांडतो आहे. सरकारने द्यायचं ते सरकार देईल तेव्हा देईल. जे आपल्याच सभासदांच्या हातात आहे ते त्यांच्याकडून करून घ्यायची धमक संघटनेत असली पाहिजे.

सगळ्यात आधी पेमेंट. छोट्या गाळ्याचं दुखणं विचारा, मशीनचं कोणी सांगणार नाही, उधारीचं सांगेल. माल दिला, चलानवर सही झाली, बिल लागलं आणि मग सुरू होतं, ‘साहेब बाहेर आहेत’, ‘पुढच्या सोमवारी बघू’, ‘आमचंच वरून आलं नाही’. तोवर पत्र्याच्या व्यापाऱ्याला रोख द्यावे लागतात, कारण तो उधारीवर माल देत नाही. कामगाराचा पगार सात तारखेला द्यायचा असतो. जीएसटी तर बिल फाडलं की भरावाच लागतो, पैसे आलेले असोत वा नसोत.

कायदा आपल्या बाजूने आहे, आणि चांगला कडक आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असेल तर त्यात ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या पेमेंटचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जाते. निकाल विरोधात गेला आणि खरेदीदाराला कोर्टात जायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकराच्या ४३बी कलमात (एच) हे उपकलम आलं. त्यामुळे २०२३-२४ च्या हिशोबापासून असं पेमेंट मुदतीत केलं नसेल, तर खरेदीदाराच्या करपात्र उत्पन्नातून त्या वर्षी तो खर्च वजा धरला जात नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच धरला जातो.

मग अडतं कुठे? भीतीत. तक्रार टाकली की माझं नाव त्या पार्टीसमोर येतं, आणि दुसऱ्या दिवसापासून माझी ऑर्डर बंद होते. ज्याचा साठ टक्के धंदा एकाच पार्टीवर चालतो तो कौन्सिलकडे तक्रारीचा, कलम अठराचा अर्ज कसा भरेल? ४३बी (एच) आल्यावर तर माझ्या ओळखीच्या एका डायमेकरला त्याच्या खरेदीदाराने सांगितलं, ‘तुमची उद्यम नोंदणी काढून टाका, मग आपलं आधीसारखं चालू राहील.’ (लघुउद्योग म्हणून सरकारकडे असलेली नोंदणी ती हीच.) दोन लेकरं शिकतायत, बँकेचा हप्ता आहे, त्याने काय करायचं?

इथे संघटना लागते. एकट्या माणसाला जे बोलता येत नाही ते संघटनेच्या लेटरहेडवर, कोणाचंही नाव न घेता बोलता येतं. पण आता जे लिहितो आहे ते काहींना झोंबेल. पेमेंट अडवणाऱ्या पार्ट्या सगळ्या बाहेरच्या नाहीत. काही आपल्याच सभासद आहेत. स्नेहसंमेलनाला स्टेजवर बसतात, लघुउद्योगांच्या अडचणींवर तळमळीने बोलतात, आणि त्यांच्याच अकाउंट्समध्ये शेजारच्या गल्लीतल्या गाळेवाल्याचं बिल पाच महिने पडून असतं. हे बदलायला कुठलंही नवं धोरण नको. उपविधीत एक कलम पुरेल: ज्याच्याकडे सभासदाचं ४५ दिवसांपुढचं निर्विवाद येणं बाकी आहे, त्याला कार्यकारिणीची निवडणूक लढवता येणार नाही. मालाच्या दर्जावरून खरा वाद असेल तर संघटनेतल्याच दोन जाणकारांनी माल बघून सांगावं. आठवड्याचं काम आहे.

‘मालकांची संघटना मालकांच्याच विरोधात कशी जाईल?’ असं मला परवा एकाने विचारलं. याच मुंबईत गेलेली आहे. गिरणी मालकांची संघटना इथे १८७५ साली स्थापन झाली. १८८४ मध्ये महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्या मांडल्या. त्या मागण्या आजही नीट वाचाव्यात अशा आहेत: आठवड्यातून एक दिवस, रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय. मालक काही लगेच तयार झाले नाहीत. सहा वर्षं गेली. १८९० च्या एप्रिलमध्ये कामगारांची प्रचंड सभा भरली, तिच्यात दोन स्त्रियाही बोलल्या. आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. दबाव कामगारांचा होता, श्रेय लोखंड्यांचंच आहे. पण ते सर्व गिरण्यांना एकदम लागू झालं ते मालक एका टेबलाला बसलेले होते म्हणून. एकट्या मालकाने सुट्टी दिली असती तर शेजारची गिरणी त्या दिवशी चालू राहिली असती आणि याचा माल महाग पडला असता. चांगलं वागणाऱ्याचं नुकसान होऊ नये, यासाठी सगळ्यांनी एकदम ठरवावं लागतं. संघटना असते ती यासाठी.

लोखंड्यांची जखमी कामगाराची मागणी मला प्रेसवर रोज आठवते. पॉवर प्रेसवर काम केलेल्याला सांगायला नको. पीस रेट, म्हणजे नगावर पैसे, असतो, हात भराभर चालतो, हात आत जाऊ नये म्हणून लावलेला गार्ड मध्ये येतो म्हणून काढून ठेवलेला असतो, एका हाताने पीस आत आणि पाय पेडलवर. स्ट्रोक एकदा सुटला की थांबत नाही. बोटं जातात ती अशी. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय स्ट्रोकच पडू नये, अशी सोय बहुतेक प्रेसना करता येते. जुन्या की-क्लचच्या प्रेसला, जिचा स्ट्रोक मध्येच थांबवता येत नाही, ते पुरत नाही, तिथे डायलाच (साच्यालाच) बंदिस्त गार्ड लागतो. हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. तरी होत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं आपला रेट वाढेल आणि काम शेजारी जाईल. पुन्हा तीच गोष्ट.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्यात सुरक्षा अधिकारी हजार कामगारांपुढच्या कारखान्यालाच सक्तीचा होता, आणि नव्या कामगार सुरक्षा संहितेतही ती अट मोठ्यांसाठीच आहे. ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, साधारणपणे दहा माणसांपासून सक्तीचं आहे. म्हणजे सहा माणसांच्या गाळ्यात सहसा ना सुरक्षा अधिकारी सक्तीचा, ना ईएसआय. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत मिळतो आणि तो प्रत्येक कामगाराचा काढलाच पाहिजे. पण त्यात एक लाख मिळतात ते एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर. दोन बोटं गेली तर काही नाही. आणि प्रेसवर जातात ती बोटंच. म्हणून मी म्हणतो, संघटनेने बोटांचाही विचार करणारी समूह अपघात पॉलिसी घ्यावी, एक अनुभवी सुरक्षा माणूस सामायिक पगारावर नेमावा आणि त्याने महिन्याकाठी प्रत्येक गाळ्यात फेरी मारावी. ४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथ घेऊन फोटो काढण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

आमच्या संघटनेला हे जमणार नाही, असं मी मुळीच मानत नाही. जमतं हे मी पाहिलं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदी गाळ्यांमध्ये शिरली. पाणी ओसरलं तेव्हा लेथच्या बेडवर चिखल, मोटारी भिजलेल्या, पॅनल उघडले तर आतून पाणी. तेव्हा संघटनेच्या माणसांनी गल्लीगल्लीत फिरून यादी केली, मोटार वाइंडिंगवाले शोधून आणले आणि ज्याच्याकडे एकच मशीन त्याचं आधी, असा क्रम लावला. मोठ्या सभासदांनी तो क्रम मानला. आणि दुसरं काम, ज्याचा कुठल्याच अहवालात उल्लेख नाही: कामगारांच्या झोपड्यांत रेशनकार्डापासून सगळे कागद वाहून गेले होते, तर संघटनेच्या ऑफिसात टेबल टाकून त्यांना ‘हा माणूस अमुक वर्षांपासून इथे कामाला आहे’ अशी पत्रं टाइप करून दिली. आमच्याकडच्या एका ऑपरेटरने ते पत्र अजून जपून ठेवलं आहे.

कारण गाळा आणि वस्ती वेगळी नाहीच. भिंतीला भिंत आहे. आमच्या ग्राइंडरचा आवाज त्यांच्या घरात जातो आणि आमच्याकडचं पॅकिंग, वॉशर ओवणं, बर (धातूच्या कडेची धारदार कोर) काढणं त्यांच्या ओट्यावर होतं, बहुतेक बायकांच्या हातून. त्यांना डझनामागे काय मिळतं हे मी इथे लिहीत नाही, पण सभेत विचारणार आहे. आग लागली तर ती गाळ्याच्या शटरपाशी थांबणार नाही. महाराष्ट्राच्या अग्निप्रतिबंध कायद्यात अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा द्यायचं असतं. ते कागदावर न राहता खरंच सिलिंडर भरलेले आहेत का, जिना मोकळा आहे का, हे बघायला संघटनेने वस्तीतल्या दोन माणसांनाही सोबत घ्यावं.

मुलांचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. कुर्ला, मुलुंडच्या आयटीआयमधून मुलं बाहेर पडतात आणि डिलिव्हरीच्या बाइकवर बसतात, आणि आम्ही म्हणतो ‘चांगला फिटर मिळत नाही’. छोट्या गाळ्याला एक मुलगा पूर्ण वर्ष शिकवणं परवडत नाही. पण चार गाळ्यांनी मिळून, तीन महिने लेथवर, तीन महिने डायवर, असा फिरता अप्रेंटिस घेता येईल. मोजमाप आणि कॅलिब्रेशन दाखवायला चुनाभट्टीला आयडेमी आहे, केंद्र सरकारचीच संस्था. अर्ध्या तासाच्या अंतरावर. आपल्यातल्या किती जणांनी तिचं फाटक पाहिलंय?

तर, येत्या सभेत मी ठराव मांडतो आहे. सभासदाने सभासदाचं पेमेंट ४५ दिवसांत करावं, थकबाकीदाराला कार्यकारिणीत जागा नाही. समूह अपघात पॉलिसी आणि सामायिक सुरक्षा माणूस, वर्गणी कामगारांच्या संख्येप्रमाणे. सूचक मी आहे, अनुमोदक हवा आहे. मरोळ, साकीनाका, कुर्ल्यातले जे सभासद हे वाचत असतील त्यांनी सभेआधी मेसेज करावा, मसुदा पाठवतो. आणि ज्यांचं पेमेंट आपल्याच सभासदाकडे अडकलं आहे पण तोंड उघडता येत नाही, त्यांनीही करावा. तुमचं नाव माझ्याकडून बाहेर जाणार नाही.