‘नीट दिसते, मग डोळ्यांची अँजिओग्राफी कशाला?’ या संदेशाला उत्तर

मधुमेहींनी डोळ्यांची अँजिओग्राफी, म्हणजे शिरेतून रंग देऊन डोळ्याच्या आतल्या पडद्यातील (रेटिनातील) रक्तवाहिन्यांची छायाचित्रे घेण्याची तपासणी, करू नये, असे सांगणारा एक संदेश सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्यात चार गोष्टी आहेत: तपासणीतील रंगाने मूत्रपिंडे निकामी होतात, रंगाविना सगळे दाखवणारे यंत्र आता आले आहे, नीट दिसत असेल तर पडद्याच्या तपासणीची गरजच नाही, आणि पुढे दिल्या जाणाऱ्या लेझरने दृष्टी जाते. हा मजकूर वाचून माझ्या आत्याने ठरलेली तपासणी रद्द केली, त्यामुळे गप्प बसणे शक्य नाही.

सर्वांत घातक विधान तिसरे आहे. मधुमेहात पहिला बिघाड पडद्याच्या केशवाहिन्यांत होतो. त्यांच्या भिंतींना आधार देणाऱ्या पेशी मरतात, भिंतींवर सूक्ष्म फुगवटे येतात, काही वाहिन्या पाझरू लागतात आणि काही कायमच्या बंद पडतात. हे सारे मॅक्युलाच्या, म्हणजे ज्या मधल्या भागाने आपण वाचतो त्याच्या, बाहेर चालू असेल, तर रुग्ण तक्त्यावरची शेवटची ओळही बिनचूक वाचतो. दरम्यान रक्त न मिळणाऱ्या भागातून व्हीईजीएफ नावाचे प्रथिन स्रवत राहते, त्यामुळे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, आणि त्या इतक्या कच्च्या असतात की एखाद्या दिवशी त्यांतून रक्त येऊन डोळ्याच्या आत पसरते. आदल्या दिवसापर्यंत त्या माणसाला स्वच्छ दिसत असू शकते, दुखणे तर नसतेच. म्हणूनच टाइप २ मधुमेहात निदान होताच आणि टाइप १ मध्ये निदानानंतर ५ वर्षांच्या आत पडदा तपासून घ्यायला सांगतात. ही पहिली तपासणी बाहुली मोठी करून किंवा पडद्याचे छायाचित्र घेऊन होते; प्रत्येकाला अँजिओग्राफी लागत नाही, एवढे अर्धसत्य त्या संदेशात आहे, हे मान्य करावे लागते.

आता रंगाबद्दल. हृदयाच्या अँजिओग्राफीत आयोडीनयुक्त द्रव्य आणि क्ष-किरण वापरतात, आणि मूत्रपिंडाची काळजी असते ती त्या द्रव्यामुळे. डोळ्यांच्या तपासणीत हाताच्या शिरेतून फ्लुरोसीन नावाचा रंग देतात. त्यात आयोडीन नसते, क्ष-किरणांचा संबंध नसतो. निळ्या प्रकाशात तो हिरवट-पिवळा चमकतो, एवढेच. नाव सारखे म्हणून एका तपासणीची भीती दुसरीवर लादली गेली आहे. त्वचा काही तास पिवळी दिसते, लघवीला गडद रंग येतो, काहींना मळमळते. गंभीर प्रतिक्रिया कधीच येत नाही असे नाही. पण यानुझी आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या सर्वेक्षणात तिचे प्रमाण सुमारे १,९०० तपासण्यांत एक, आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे २,२२,००० तपासण्यांत एक असे आढळले. ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर तो आधी सांगावा. तपासणी टाळण्याचे हे कारण होत नाही.

रंगाविना तपासणी, म्हणजे ओसीटी अँजिओग्राफी, खरोखरच उपयुक्त आहे. एकाच जागेच्या प्रतिमा पुन्हा पुन्हा घेऊन, वाहत्या रक्तपेशींमुळे त्यांत पडणाऱ्या फरकावरून ती केशवाहिन्यांचे जाळे थरांनुसार दाखवते. मात्र वाहिनीतून होणारा पाझर तिच्यात दिसत नाही, अगदी मंद प्रवाह असलेले फुगवटे निसटतात आणि एका वेळी टिपला जाणारा भाग बहुधा लहान असतो. ‘सगळे दाखवते’ हे खोटे आहे.

लेझरबद्दल थोडक्यात. अमेरिकेतील डायबेटिक रेटिनोपॅथी स्टडी या चाचणीचे निष्कर्ष १९७६ मध्ये आले, आणि लेझरमुळे तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, हे तेव्हाच सिद्ध झाले. बाजूची आणि रात्रीची नजर त्याने काहीशी कमी होऊ शकते, हेही खरे. पण लेझर द्यायचा का, कोणत्या भागावर द्यायचा, की व्हीईजीएफ रोखणारी इंजेक्शने अधिक योग्य, हे ठरवताना कोणत्या वाहिन्या बंद आहेत आणि कोणत्या पाझरत आहेत ते डॉक्टरांना दिसावे लागते, आणि ते दाखवणाऱ्या तपासण्याच हा संदेश बंद करायला सांगतो आहे.